मेढी पुरायच्या, की पायावर उभ्या करायच्या?

पत्राचा सारांश: रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. घरामागच्या आवारात ४० फूट लांब आणि २० फूट रुंद अशी शेड घालायची आहे. एप्रिल-मेमध्ये तिथे आंब्याच्या पेट्या भरायच्या, पावसाळ्यात शेळ्या बांधायच्या आणि एका कडेला गवत रचायचं. छप्पर पत्र्याचं. जागेचा वरचा भाग कातळाचा, खालचा भाग मळ्याकडे उतरणाऱ्या मऊ मातीचा. वादळात पडलेला एक ऐन आणि एक फणस यांचे ओंडके आवारात पडून आहेत. चुलत सासरे म्हणतात, "ऐनाच्या मेढी (लाकडी खांब) काढून तीन फूट पुरा, आपला जुना मांगर (शेतावरची खोप) तसाच उभा होता." भाचा मोबाइलवर अमेरिकेतल्या शेडचे व्हिडिओ दाखवतो, त्यात लाकडी खांब खड्ड्यात उभे करून भोवती काँक्रीट ओततात. फॅब्रिकेशनवाला तीन इंची पाइप सांगतो, गवंडी आरसीसी कॉलम. ताईंचे प्रश्न असे: पुरलेलं लाकूड किती वर्षं टिकेल? बुडाला डांबर फासलं तर चालेल का? आणि या चारांतला सगळ्यात मजबूत खांब कोणता?

ताई, नमस्कार.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीचे दोन त्यातच अडकलेले आहेत. "सगळ्यात मजबूत खांब कोणता" असं विचारताना डोळ्यांसमोर छपराचं ओझं असतं आणि ते पेलायला खांब हवा, असं आपण धरून चालतो. पत्र्याच्या शेडमध्ये ओझं असतं किती? पत्रा चौरस मीटरला साधारण ५ किलो. पर्लिन (पत्र्याखालचे आडवे वासे) आणि कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) धरल्या तरी सगळं मिळून १५ ते २० किलो. तुमच्या मापाच्या शेडमध्ये दर दहा फुटांवर खांब घेतला, तर दोन्ही लांब बाजूंना पाच-पाच असे दहा खांब होतील. दोन फुटांच्या पागोळ्या धरून एका खांबाच्या वाट्याला १२० चौरस फूट, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर छप्पर येतं. वजन झालं जेमतेम २०० किलो. एवढं तर ऐनाचा मनगटाएवढा वासाही पेलेल.

आता उलट्या बाजूने हिशोब करा. वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे भारतीय मानक ८७५ चा तिसरा भाग वापरतात. त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पणजीसाठी ३९ मीटर दिला आहे. सेकंदाला ३९ मीटर म्हणजे ताशी १४० किलोमीटर. वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणलं की दर चौरस मीटरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ३९ ला तो येतो ९१२, म्हणजे सुमारे ९३ किलो. ४४ ला जवळजवळ ११८ किलो. चारी बाजूंनी उघड्या शेडमध्ये वारा खालून शिरतो आणि वरून पत्र्याला ओढतो. ढोबळ हिशोबासाठी हा सगळा दाब वर उचलणारा धरला, तर एका खांबावर १,००० किलोंच्या वर ओढ येते. त्यातून छपराचं स्वतःचं वजन वजा केलं, तरी साडेआठशे किलो उरतात. तुमचा प्रत्येक खांब वादळात साडेआठशे किलोंनी वर ओढला जाणार आहे आणि त्याला खाली धरून ठेवणारं काहीतरी जमिनीत असलं पाहिजे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर गेलं. अशा वेळी उडालेले पत्रे ज्यांनी गोळा केले आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. खांब सहसा मोडत नाहीत. ते उपटले जातात, किंवा कैची खांबावरून सुटते.

म्हणून निवडीचा क्रम उलटा करा. आधी छप्पर किती ओढणार ते बघा, मग त्या जागेची जमीन काय आणि किती धरेल ते बघा, आणि शेवटी त्यावर खांब कशाचा ते ठरवा. असं केलं की चौघांच्या चार मतांतलं भांडण बरंचसं मिटतं, कारण चौघंही फक्त शेवटच्या पायरीबद्दल बोलत आहेत.

तुमच्या चुलत सासऱ्यांचं म्हणणं खोटं नाही, मांगर उभा होताच. पण तो कशाच्या जोरावर उभा होता, ते नीट बघायला हवं. त्याची जागा अजून असेल तर खणून बघा. बऱ्याच जुन्या मांगरांत आणि पडव्यांत खांब जमिनीत नसून तळखड्यावर, म्हणजे बुडाखालच्या दगडावर, टेकवलेला आढळतो. बूड दगडावर कोरडं राहतं, म्हणून लाकूड टिकतं. वर मंगलोरी कौलं असतील, तर चौरस मीटरला ६५ किलोंच्या आसपास वजन खांबाला खाली दाबून धरतं. शिवाय भोवती कूड किंवा भिंत, छप्पर बुटकं आणि पागोळ्या जमिनीपासून हाताला लागतील इतक्या खाली. मेढी खरोखरच पुरलेल्या असतील, तर तो बहुधा गवताने शाकारलेला मांगर असणार. दरवर्षी शाकारणीला माणसं वर चढायची, एखादी मेढ हलते असं दिसलं की बाजूला नवी लावायची. त्यामुळे मांगर तोच राहिला तरी त्याच्या मेढी त्याच राहिल्या असतील, असं नाही. कौलं उतरवून त्याच तळखड्यांवरच्या खांबांवर पत्रे चढवले की मात्र घात होतो. वरचं वजन गेलं आणि खाली धरायला काहीच नाही. कोकणात ही चूक सर्रास होते. ज्यांचं नवीन बांधकाम नाही पण कौलं काढून पत्रा घालायचा विचार आहे, त्यांनीही पुढचा पायाचा भाग वाचावा.

भाच्याच्या व्हिडिओंबद्दल. अमेरिकेत शेतावरच्या शेडसाठी खांब जमिनीत गाडायची आजची पद्धत १९३० च्या दशकापासून रुळली आणि ती चांगली चालते. पण तिथे जमिनीत जाणारं पाइनचं लाकूड कारखान्यात दाबाखाली औषध मुरवलेलं असतं, आणि तेही जमिनीतल्या वापरासाठीच्या वेगळ्या, जास्त मात्रेचं. व्हिडिओत ते नुसतं हिरवट लाकूड दिसतं, पण सगळी करामत त्या हिरवटपणात आहे. खड्ड्याची खोली ते हिवाळ्यात जमीन किती खोल गोठते यावरून ठरवतात. आपल्याकडे जमीन गोठत नाही. आपल्याकडे ती ठरते वाऱ्याच्या ओढीवरून आणि जुलैमधल्या पाण्यावरून. तिथलं माप आणि इथलं बिनऔषधाचं ऐन, अशी सांगड घालू नका.

आता लाकूड जमिनीत का कुजतं ते पाहू, म्हणजे डांबराचं उत्तर आपोआप मिळेल. लाकूड खाणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. जमिनीच्या वर दोन-तीन फुटांवर लाकूड वाळतं, तिथे ओल नाही. खाली तीन फुटांवर ओल आहे, पण हवा फार कमी. जमिनीच्या रेषेपाशी, वर वीतभर आणि खाली वीतभर, दोन्ही मिळतात. खांब कुजतो तो तिथेच. पाच-सात वर्षं जुना कुठलाही पुरलेला खांब घ्या, बुडाजवळची माती चार बोटं बाजूला सारा आणि कोयत्याचं टोक आडवं टोचा. वरच्या भागात टोक अडतं, रेषेपाशी ते बोटभर आत जातं आणि ओला, तपकिरी भुगा बाहेर येतो. त्याच खांबाचं अगदी तळाचं टोक पुष्कळदा धडधाकट निघतं. आपल्याकडे चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे ही रेषा जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ओलीच असते. त्यात शेळ्यांचं मूत. वाळवीलाही जमिनीतून लाकडात शिरायला हाच रस्ता सोयीचा.

डांबर याच्यावर वरून फासलं जातं. ओंडका नीट सुकलेला नसेल तर आतली ओल आतच कोंडते. सुकलेला असेल तर उन्हाळ्यात लाकडाला बारीक भेगा पडतात, डांबराला त्या झाकता येत नाहीत आणि पाणी आत जातं. जळकं ऑइल, कार्बोलिनियम, बाजारातलं वाळवीचं औषध, काहीही ब्रशने लावलं तरी ते दोन-चार मिलिमीटरपलीकडे जात नाही. बोरॅक्स-बोरिक आम्लाचं द्रावण घरातल्या वाशांना उत्तम, पण ते पाण्यात विरघळतं, जमिनीत धुऊन जातं. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं द्रावण दाबाखाली मुरवलं तर टिकतं, पण ऐनासारख्या घट्ट लाकडाचा गाभा ते नीट पितच नाही. शिवाय शेळ्या खांब चाटतात, कुरतडतात, आणि उरलेले तुकडे कुणीतरी चुलीत घालतं. आर्सेनिक मुरलेलं लाकूड तुमच्या शेडसाठी नकोच.

खांबाभोवती काँक्रीट ओतलं की लाकूड वाचतं, हाही एक गोड समज आहे. लाकूड ओलं झालं की फुगतं आणि वाळलं की आकसतं. पहिल्याच उन्हाळ्यात लाकूड आणि काँक्रीट यांच्यामध्ये कागद जाईल एवढी फट पडते. पावसाचं पाणी खांबावरून ओघळून सरळ त्या फटीत उतरतं आणि तिथून त्याला बाहेर जायला वाट नसते. नुसत्या मातीत पुरलेला खांब निदान उन्हाळ्यात वाळतो, काँक्रीटच्या पेल्यातला तोही वाळत नाही. कातळात खणलेल्या खड्ड्याचंही हेच. जांभ्याचा वरचा थर सच्छिद्र असतो, पण खाली घट्ट लागला की खड्डा टाक्यासारखा भरतो आणि गणपतीपर्यंत खांबाचं बूड पाण्यात राहतं.

लाकूड किती वर्षं टिकेल, याचं एकच उत्तर नाही. त्याचं कारण झाडाच्या नावापेक्षा झाडाच्या भागात आहे. भारतीय मानकात जमिनीत पुरून केलेल्या चाचणीवरून लाकडाचे तीन वर्ग केले आहेत: सरासरी १२० महिन्यांच्या वर टिकणारं, ६० ते १२० महिने टिकणारं आणि ६० महिन्यांच्या आत संपणारं. चाचणीचे नमुने दोन इंची जाडीचे असतात, जाड खांब त्याहून जास्त टिकतो. पण हे वर्ग फक्त गाभ्याचे. सालीलगतचं पांढरं लाकूड कुठल्याही झाडाचं असलं तरी शेवटच्या वर्गातलं. सागाचा जून गाभा पहिल्या वर्गात बसतो. तुमचा ऐन जड आणि ताकदीचा आहे, पण जमिनीत तो सागाच्या पंगतीत बसत नाही. फणसाचा पिवळा गाभा छपराखाली वर्षानुवर्षं राहतो, जमिनीत पुरायला वापरू नका. आंबा, सुरू आणि माड यांचा तर पुरायच्या खांबासाठी विचारच नको. माडाच्या खोडाचा बुंध्याकडचा बाहेरचा भाग कडक असला तरी आतला भाग मऊ असतो, आणि ओल लागली की तोच आधी जातो. म्हणजे ऐनाच्या मेढी पुरल्या, तर साधारण दहा वर्षांच्या आत एक-एक बदलायची तयारी ठेवावी लागेल. छप्पर डोक्यावर असताना, खाली जॅक लावून.

मग ऐन फुकट गेला का? मुळीच नाही. जमिनीच्या वर तो पिढीभर चालेल. त्याला फक्त जमिनीपासून सोडवायचं. एका इमारतीत एकाच जातीचं सगळं हवं, हा हट्ट सोडला की वाट सोपी होते: जमिनीत काँक्रीट, जमिनीच्या वर लाकूड किंवा पाइप, आणि दोघांमध्ये पोलादी पकड.

खालच्या, मळ्याकडच्या भागात सहा खांब येतील. तिथे मी सरळ चौकोनी ठोकळा ओतायला सांगणार नाही, त्यामागचा हिशोब असा. काँक्रीट घनमीटरला २,४०० किलो भरतं. पण जुलैमध्ये मळ्यातलं पाणी जमिनीलगत आलं की पाण्यात बुडालेल्या काँक्रीटचं वजन घनमीटरला १,४०० किलोंसारखंच काम करतं. मातीचं तर निम्मं होतं. कोरड्या दिवसांत पुरेसा वाटलेला दोन बाय दोन बाय तीन फुटांचा ठोकळा सुमारे ८१५ किलोंचा असतो, पाण्यात तो पावणेपाचशेवर येतो. पाण्यात भरवशाचं वजन हवं तर २४-२५ घनफुटांचा ठोकळा लागेल. त्याऐवजी खड्डा साडेतीन फूट खोल घ्या. तळाला तीन फूट बाय तीन फूट आणि नऊ इंच जाडीचा पाट ओता, त्याच्या मधोमध एक फूट बाय एक फुटाचा खुंटा वर काढा आणि जमिनीच्या वर निदान फूटभर राहू द्या. काँक्रीट लागतं फक्त साडेदहा घनफूट. पाटावर २२ घनफूट माती बसते, ती खांबाला धरते. जमीन पाण्याने पूर्ण भरलेली धरली तरी दोघांचं मिळून साडेनऊशे किलोंच्या वर जातं. अर्ध्याहून कमी सिमेंटमध्ये तेवढंच काम.

यातली मेख माती भरण्यात आहे. खणलेली माती फावड्याने लोटून वर पाणी सोडलं, की ती पोकळ राहते आणि ओढ आली की सहज उचलली जाते. सहा-सहा इंचांचे थर द्यायचे, प्रत्येक थर किंचित ओला करून धुमसाने ठोकायचा. मळ्याची चिकण माती असेल तर तिच्यात जांभ्याची भर मिसळा. गवंडी हे काम घाईत उरकतात, म्हणून या दिवशी स्वतः उभ्या राहा.

मऊ जमीन खचेल, अशी भीती तुम्ही पत्रात लिहिली आहे. पत्र्याच्या शेडबाबत ती मनातून काढा. अगदी मऊ चिकणमातीसाठीही चौरस मीटरला ५ टनांच्या आसपास भार धरतात. तुमच्या पाटावर छपराचे येतात २०० किलो. मात्र पाटाच्या तळाची माती भुसभुशीत ठेवू नका. खड्डा खणला की तळ ठोकून तीन-चार इंच कोरडा सोलिंगचा थर किंवा साधं काँक्रीट अंथरा, म्हणजे सळ्या मातीला टेकत नाहीत.

पाटात १० मिलिमीटरच्या सळ्यांची जाळी, दोन्ही दिशांना सहा-सहा इंचांवर. खुंट्यात १२ च्या चार उभ्या सळ्या, त्यांचे खालचे पाय जाळीखाली वळवून, आणि ८ च्या रिंगा सहा इंचांवर. कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, दोन इंच. खाडीकाठच्या हवेत ही गोष्ट सोडू नका. भारतीय मानक ४५६ किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला किमान ४५ मिलिमीटर कव्हर आणि एम ३० दर्जा मागतं, समुद्राचे तुषार थेट उडत असतील तर ५० मिलिमीटर आणि एम ३५. बाजारात कुंपणाला मिळणारे तयार सिमेंटचे खांब इथे का चालत नाहीत, तेही यातून कळेल. त्यांच्यात सळीवर बोटभरसुद्धा सिमेंट नसतं. खारी हवा आत पोचते, सळी गंजून फुगते आणि खांब उभा चिरतो. खाडीची वाळू सळीच्या काँक्रीटला अजिबात घालू नका, मीठ आतूनच गंज चढवतं. धुतलेली नदीची वाळू किंवा क्रश सँड घ्या. स्लॅग सिमेंट मिळालं तर खाऱ्या हवेला ते जास्त चांगलं.

एम ३० ला खरं तर मिश्रणाचं प्रमाण तपासून ठरवावं लागतं, जवळ रेडीमिक्सचा प्लांट असेल तर तिथून घ्या. हाताने कालवायचं असेल तर १:१॥:३ (सिमेंट, वाळू, खडी) च्या खाली उतरू नका आणि पाण्यावर नजर ठेवा. एका पोत्याला २२-२३ लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. काम करायला कोरडं वाटतं म्हणून कामगार बादली ओततात. त्याऐवजी प्लास्टिसायझर (कमी पाण्यात काँक्रीट सैल करणारं रसायन) घाला. दहाही पायांना मिळून साधारण ९० घनफूट काँक्रीट लागेल. त्याला २० ते २१ पोती सिमेंट, ४० घनफुटांच्या आत वाळू आणि पाऊण ब्रास खडी. पाणी दहा दिवस मारा, खुंट्याला गोणपाट गुंडाळून.

कातळावरच्या चार पायांसाठी पाट ओतायची गरज नाही. दीड फूट बाय दीड फूट, दोन फूट खोल असा खड्डा फोडा, आणि खालचा हातभर भाग सगळ्या बाजूंनी तीन-चार इंच आत कोरून रुंद करा. त्यात सळ्यांसह काँक्रीट ओतलं की ते कातळाला अडकतं, वजनाचा प्रश्न राहत नाही. खड्डा धुऊन, सगळी भुकटी काढून मगच ओता, नाहीतर काँक्रीट कातळाला धरत नाही. जांभ्याला ड्रिल मारून बोल्ट चिकटवायचा सल्ला कुणी दिला तर नाही म्हणा. जांभ्याच्या पोकळ्यांत चिकटद्रव्य वाहून जातं आणि बोल्ट बाहेरून घट्ट दिसला तरी आत हवेत असतो. कातळावरचा खुंटाही जमिनीच्या फूटभर वर हवा. कातळावर पावसाचा थेंब आपटून जोरात उडतो, उघड्या शेडमध्ये तो फूटभर उंचीपर्यंत लाकूड भिजवतो.

कातळाच्या बाजूला चिऱ्याचे (जांभ्याच्या कापीव दगडांचे) खांब बांधायचा मोह होईल, खाण जवळ असेल तर ते स्वस्तही पडतात. दीड फुटी चौकोनी, आठ फूट उंच चिऱ्याचा खांब टनभर भरतो, म्हणजे वजन पुरेसं. पण बहुतेक ठिकाणी कैचीचा बोल्ट वरच्या एका-दोन थरांत पुरतात. वादळ मग तेवढेच दोन थर कैचीसकट उचलतं, खालचे जिथल्या तिथे राहतात. चिऱ्याचा खांब करायचा असेल तर मधोमध पोकळी ठेवून पायातून निघालेली १६ ची सळी थेट वरपर्यंत न्या आणि पोकळी काँक्रीटने भरा.

आता पकड. लाकडी खांबासाठी आठ मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा यू आकार करून घ्या, खाली आडवी पट्टी, तिच्यातून खाली गेलेल्या १६ मिलिमीटरच्या दोन सळ्या खुंट्यात हातभर रुतलेल्या. वेल्डिंग आधी पुरं करा, मग गरम जस्ताचं गॅल्व्हनायझिंग. उलटं केलं तर वेल्डिंगने जस्त जळतं आणि नेमका सांधाच गंजतो, शिवाय त्या वेळी निघणारा जस्ताचा धूर वेल्डरच्या छातीला बाधतो. खांबाचं बूड काँक्रीटवर टेकवू नका. खाली इंचभर मोकळी जागा राहील अशी आडवी पट्टी ठेवा. हीच ती जागा जिथून लाकूड वाळतं, पाणी निथळतं आणि वाळवीला मातीचा बोगदा उघड्यावर बांधावा लागतो. महिन्यातून एकदा झाडू मारताना तो बोगदा दिसला की खरवडायचा. खुंट्याचा माथा चारी बाजूंना उतरता करा. खांबातून १६ चे दोन बोल्ट आरपार, एकाखाली एक, बुडापासून निदान चार-पाच इंच वर, म्हणजे लाकूड फाटत नाही. बुडाच्या आडव्या कापाला, जिथून लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं, बोरॅक्सचं द्रावण दोन-तीनदा पाजून वर तेलाचा हात द्या.

एक गोष्ट मात्र या पद्धतीत गमवावी लागते, आणि ती कुणी सांगत नाही. पुरलेला खांब आडव्या धक्क्यालाही उभा राहतो, कारण जमीन त्याला आवळून धरते. पकडीत बसवलेला खांब बोल्टभोवती झुकू शकतो. म्हणून प्रत्येक खांबाला कैचीपर्यंत दोन-अडीच फुटांचा तिरपा टेकू हवा, आणि दोन्ही टोकांच्या गाळ्यांत खांबापासून खांबापर्यंत पट्टीचा किंवा सळीचा क्रॉस. गाळा आडवेल म्हणून क्रॉस नको वाटेल. पेट्यांची गाडी आत येते तो गाळा मोकळा सोडा आणि क्रॉस बाजूच्या गाळ्यात घ्या, पण टाळू नका.

फॅब्रिकेशनवाल्याचा पाइपही वाईट नाही, आणि ऐन कमी पडला तर काही खांब पाइपचे करावेच लागतील. तीन इंची पाइप बी क्लास घ्या, निळ्या पट्ट्याचा, भिंत ४ मिलिमीटरची. ए क्लास पिवळ्या पट्ट्याचा असतो, भिंत ३.२. एवढासा फरक खाऱ्या हवेत काही वर्षांचा होतो. पाइप जमिनीत किंवा काँक्रीटमध्ये पुरू नका. तो काँक्रीटमधून जिथे बाहेर येतो, त्या गोल रेषेतच गंज बसतो, लाकडासारखाच. बुडाला दहा इंची चौकोनी, १२ मिलिमीटर जाडीची प्लेट, चार बोल्ट १६ चे, खाली वळवलेले आणि दीड फूट रुतलेले. वरचं तोंड टोपीने बंद करा, बुडाला एक लहान भोक ठेवा, म्हणजे आत साचलेलं पाणी गळून जातं. शेळ्या बांधायच्या बाजूला खालचे दोन फूट इपॉक्सी रंगाचे दोन हात द्या आणि मूत वाहून जाईल असा उतार काढा.

माझ्या मते तुमच्यासाठी ऐनाच्या गाभ्याचे खांब कातळाच्या बाजूच्या चार जागी आणि पाइपचे सहा मळ्याच्या बाजूला, अशी वाटणी बरी. शेळ्या खाली, मळ्याकडे बांधल्या तर चाटायला-कुरतडायला लाकूड राहणार नाही, आणि पेट्या कोरड्या कातळावर राहतील. फणसाच्या फळ्या काढून त्या पेट्या ठेवायच्या मांडणीला वापरा. ऐन सहा इंची चौरस कापून सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचा, टोकांना मेण किंवा जाड रंग लावा. तो सावकाश सुकतो आणि घाई केली की फाटतो. जाड ओंडक्याला एक उन्हाळा पुरत नाही. त्यामुळे पाया यंदा घाला, खांब पुढच्या वर्षी उभे करा, किंवा चारही खांब पाइपचेच करून ऐन वाशांसाठी ठेवा. ऐनाचं आणखी लाकूड लागलं आणि उभं झाड तोडायचं झालं, तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली आधी परवानगी घ्या. जागा भरतीरेषेच्या जवळ असेल तर पाया खणण्याआधी सीआरझेडबाबत (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम) तहसील कार्यालयात विचारा.

पुरलेल्या मेढी कुठे चालतात? मांडव, कुंपण, गवताची गंजी झाकायची छोटी झोपडी, मिरवेलीचे आधार. तिथे ओढ कमी, बदलणं सोपं. पुरायच्याच असतील तर गाभ्याचं लाकूड, साल आणि पांढरं लाकूड तासून. खोली चार फूट, तळाला वीतभर खडी, भोवती काँक्रीट न ओतता खडी-मातीचे ठोकलेले थर. बुडाजवळ आरपार एक आडवी दांडी ठोका, तीच ओढीला धरते.

आणि पत्रा खांबाला किती पक्का बांधला आहे, हेही पायाइतकंच बघा. पायापासून पत्र्यापर्यंतची ही एक साखळी आहे, तिची जी कडी कच्ची, तिथे ती तुटणार. पर्लिन कैचीला क्लीटने (लोखंडी कोनाच्या तुकड्याने) आणि दोन बोल्टने. पत्रा जे-हुकने न बांधता रबर वॉशर असलेल्या सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूने. पागोळीच्या आणि दोन्ही टोकांच्या ओळींत प्रत्येक दुसऱ्या उंचवट्याला स्क्रू, मधल्या भागात थोडे विरळ चालतील. ओढ सगळ्यात जास्त कडांना येते.

रायगडात किंवा त्याच्याही उत्तरेला राहणाऱ्यांनी ९३ ऐवजी ११८ किलो धरून पाट साडेतीन फुटी करावा. सड्यावर, उघड्या कड्याजवळ शेड असेल तर कुठल्याही जिल्ह्यात हेच. खांबांतलं अंतर दहा फुटांऐवजी आठ केलं तर प्रत्येक खांबावरची ओढ पाचव्या भागाने कमी होते, आणि कधीकधी मोठ्या पायापेक्षा दोन खांब जास्त घेणं स्वस्त पडतं. हे सगळं साध्या एकपाखी-दोनपाखी शेडसाठी. उंची बारा फुटांच्या वर जात असेल किंवा कैची २५ फुटांहून लांब असेल, तर स्थापत्य अभियंत्याकडून गणित करून घ्या.

काम सुरू करण्याआधी एवढं करा: ऑगस्टच्या भर पावसात मळ्याच्या बाजूला एक साडेतीन फुटी खड्डा खणा आणि दोन दिवसांनी पाणी किती वर आलं ते काठीवर खूण करून ठेवा. पाणी खालीच राहिलं तर अडीच फुटी पाटही पुरेल. वर आलं तर वरचं माप. पाया डिसेंबर ते फेब्रुवारीत, पाणी खाली गेलेलं असताना घाला. गवंड्याला खुंट्याची उंची जमिनीपासून न सांगता एकाच पाणसळीवरून सांगा, कारण तुमची जागा उतरती आहे आणि कातळाकडचे चार आणि मळ्याकडचे सहा खुंटे माथ्याला एका पातळीत यायला हवेत.